ठेवलंय, पण ठाऊक नाही

...आणि एवढं सगळं झाल्यावर वर मलाच विचारतो, "सर, अजून काही मदत करू शकतो का?" अजून? अरे, 'अजून' म्हणायला आधी काहीतरी केलेलं असावं लागतं ना रे बाबा! माझा कान तापून पापड झालाय, माझी बायको मॅग्डलीन स्वयंपाकघरातून भांडी आपटून मला निरोप पाठवतेय की कालवण थंड झालं, आणि हा ॲप कंपनीच्या हेल्पलाइनवरचा पोरगा, परेश नाव त्याचं, आवाज असा गोड की जन्मात कधी सर्दी झालेली नसावी, हा मला सांगतो, "सर, तुमचा मास्टर पासवर्ड आमच्याकडे नाहीये सर." नाहीये म्हणजे? ॲप तुमचं, तिजोरी तुमची, पासवर्ड मी तुमच्यातच टाकला, मग गेला कुठं? गटारात? तर म्हणतो, "तिजोरी आमच्याकडे आहे सर, पण कुलूपबंद. चावी तुमच्या पासवर्डमधूनच तयार होते, तीही तुमच्याच फोनवर. आत काय आहे ते आम्हाला दिसत नाही, पासवर्ड काय आहे ते आम्हाला कळत नाही." घ्या! म्हणजे ठेवलंय, पण ठाऊक नाही!

तुम्हाला सांगतो, आयुष्यात मी खूप हुशार माणसं बघितली. पण आपल्याला ठाऊक नाही हे इतक्या अभिमानानं सांगणारा माणूस पहिल्यांदा बघितला. "हीच तर आमची खासियत आहे सर!" म्हणे. उद्या मी लग्नाची सुपारी घेईन, बँड घेऊन मांडवात उभा राहीन आणि नवऱ्या मुलाच्या बापाला सांगेन, 'चाल आमच्याजवळ आहे हो, पण कुठली ते आम्हाला ठाऊक नाही, हीच तर आमची खासियत!' चालेल? मांडवाचे बांबू काढून मारतील मला!

हां, मी कोण ते सांगायचं राहिलंच. मी बर्नार्ड, माणिकपूरचा, ट्रंपेट वाजवतो. आमचा बँड पप्पांनी उभा केला, आता मी चालवतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला बघितलंय, पण पाठमोरा, कारण लग्नात बँड पुढं आणि नवरा-नवरी मागं. माझं टक्कल कुठवर सरकलंय ते इथल्या सगळ्या जोडप्यांना माहीत आहे, चेहरा कुणाला आठवत नाही.

तर आमच्या पप्पांची एक चाल आहे, निरोपाची. स्वतः बांधलेली. आमच्या घरातली मुलगी लग्नासाठी चर्चला जायला निघाली की उंबऱ्यावर ती वाजवायची, फक्त आमच्या घरच्या मुलीला, बाहेर नाही. आणि काय चाल आहे महाराजा! सुरुवात अशी की दगडालासुद्धा पाझर फुटेल, आई रडते, मावशा रडतात, ज्यांचा काही संबंध नाही ते शेजारी रडतात... आणि बरोबर मध्यावर ड्रम उचलतो आणि तीच चाल मार्च होते! रडता रडता माणसाचे पाय आपोआप चालायला लागतात. पप्पा म्हणायचे, "रडाचं तर रडा, पन चर्चात मिस्सेला उशीर नको, फादर कावतो." माझी बहीण रीटा ह्याच चालीवर घराबाहेर पडली. आणि आता रीटाची मुलगी शर्लिन, माझी भाची, शेजारच्याच घरात आमच्या अंगाखांद्यावर वाढलेली, तिचं लग्न. शनिवारी. तिच्यानंतर आमच्या घरात मुलगी नाही हो. ही शेवटची. आणि लहानपणापासून ती मला बजावत आलीय, "मामा, बाकी काही नको, मला तुझ्या पप्पांची चाल पाहिजे."

आता तुम्ही म्हणाल, मग वाजव की! तुला कुणी धरलंय? अहो, मला फक्त माझा भाग येतो, ट्रंपेटचा. क्लॅरिनेटनं काय करायचं, युफोनियमनं खालून कुठं धरायचं, ते सगळं पप्पांनी नोटेशनमध्ये लिहिलेलं. ज्या म्हाताऱ्यांना पाठ होतं ते एकेक करून वर गेले, तिकडं आता बँड झकास जमला असेल. माझ्याकडं राहिली नवी पोरं. फार गुणी, समोर कागद ठेवला तर काहीही वाजवतील, आणि कागद काढला तर श्वाससुद्धा घेणार नाहीत! आणि एकट्या ट्रंपेटवर निरोप दिला तर मुलगी सासरी नाही, सैन्यात निघालीय असं वाटेल.

मग कागद कुठायत? तिजोरीत! कुठल्या तिजोरीत? त्याच! जी परेशकडं आहे! ठेवलंय, पण ठाऊक नाही!

आता ते तिथं गेले कसे, तर त्याला जबाबदार आहे मार्सेल. तो बघा, मागच्या खुर्चीत बसलाय. हस, हस! मार्सेलचा बँड नायगावच्या बाजूचा, माणूस चांगला आहे, ट्रॉम्बोन बरा वाजवतो, पण कान असे की दुसऱ्याची चाल आत गेली की त्याच्या नावावर बाहेर येते. जूचंद्रला एका लग्नात आम्ही पप्पांचं एक नाताळगीत वाजवलं. झाडामागं एक माणूस मोबाईल वर धरून उभा. मला वाटलं, रसिक असेल. पुढच्या नाताळला तेच गीत मार्सेलच्या बँडवर! वर मला भेटून म्हणतो, "बर्नार्ड, ऐकलंस का आमचं नवीन?"

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. शर्लिन कंप्युटर कंपनीत कामाला आहे, मी तिला म्हटलं, पप्पांचे सगळे कागद अशा ठिकाणी ठेव की कुणाला मिळता कामा नयेत. ती म्हणाली, "मामा, पासवर्ड ठेवायची तिजोरी असते, तिच्यात कागदांचे फोटोसुद्धा ठेवता येतात. पासवर्ड एकच लक्षात ठेवायचा, मोठा, बाकी सगळं आत." मी म्हटलं, पण कंपनीवाल्यांना दिसेल ना? नाही म्हणाली. त्यांच्या मालकाला? नाही. मार्सेलनं मालकाला जेवायला बोलावलं तर? "नाही मामा, कुणालाच नाही!" मी काय खूश झालो! मीच म्हटलं, अशीच पाहिजे! आता ह्याला काय म्हणायचं, सांगा. जे कुलूप मी हौसेनं मागून घेतलं, त्याच्याच बाहेर मी उभा!

पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा शर्लिननं लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः पाठ करून उभी राहिली. "मला पण सांगू नको. लांब टाक, कुणाला सुचणार नाही आणि तू विसरणार नाहीस असा." मी टाकला. परत एकदा टाकायला सांगितला, परत टाकला. मला एवढंच आठवतं की काहीतरी फार मस्त टाकला होता आणि मनातल्या मनात मी स्वतःला शाबासकी दिली होती. काय टाकला होता ते सोडून सगळं आठवतं! कारण त्यानंतर शर्लिननं माझा फोन तिजोरीला जोडून दिला आणि रोज काय, अंगठा लावला की उघडलं. अंगठ्यानं माणूस आळशी होतो, लिहून ठेवा.

लिहून ठेवा वरनं आठवलं! शर्लिननं एक कागद छापून दिला होता, अडीनडीला तिजोरी उघडायचा. म्हणाली होती, "मामा, हा एकदम सुरक्षित ठेव." मी कुठं ठेवला? पप्पांच्या मूळ नोटेशनबरोबर, ट्रंकेत. आणि ट्रंकेत शिरली वाळवी. तिनं पप्पांच्या सगळ्या चाली खाल्ल्या, आणि तोंडी लावायला तो कागद खाल्ला. तरी मी शांत. मॅग्डलीन रडतेय आणि मी तिला सांगतोय, अगं वेडे, फोनवर आहे ना सगळं!

मग फोन कुठं गेला? समुद्रात. अर्नाळ्याच्या पांडूची नवी होडी पाण्यात उतरवायची होती, वाजवायला आम्ही. मी होडीच्या टोकावर उभा, शेवटचा उंच सूर लावायला मान मागं टाकली, पोट पुढं आलं, खिसा तिरका झाला... डुबुक! सूर मात्र लागला हो, पूर्ण लागला. पांडू वाकून बघतो आणि म्हणतो, "मास्तर, पानी खोल हाय हितं. आता तुमचा फोन म्हावरंच उचलंल."

नवा फोन घेतला. नंबर तोच मिळाला, सगळं जागच्या जागी. तिजोरी उघडायला गेलो, अंगठा लावला, तर म्हणते मास्टर पासवर्ड द्या. अगं बाई, अंगठा तोच आहे! धुतलाय सुद्धा! शर्लिन म्हणाली, "मामा, तुझा अंगठा फक्त त्या जुन्या फोनला सांगत होता की आलाय तो आपलाच माणूस, उघड. तो फोन गेला, ती ओळख गेली. नव्या फोनला पासवर्डच लागणार."

झालं! सगळं घर पासवर्ड आठवायला बसलं. मी पहिलं टाकलं मॅग्डलीनचं नाव. चूक. पुढं लग्नाचं वर्ष जोडलं. चूक. मॅग्डलीन कंबरेवर हात ठेवून उभी, "माझं नाव नव्हतं?" अगं, लांब पाहिजे होता म्हणून... "माझं नाव लांब नाही? मग कुणाचं लांब होतं?" आता ह्याला उत्तर आहे का? मग कुत्र्याचं नाव टाकलं. त्यात ती जास्त चिडली, कारण कुत्र्याच्या नावावर मी तिच्यापेक्षा जास्त वेळा प्रयत्न केला! आणि मध्येच ॲप म्हणतं थांबा. चुकलात ना, आता थोडं थांबा. परत चुकलात, आता आणखी थांबा. शाळेत बाकावर उभं केल्यासारखं!

मी शर्लिनला म्हटलं, तुमच्या कंप्युटरमध्ये हा पासवर्ड कुठंतरी लिहिलेला असणारच ना गं, नाहीतर चूक की बरोबर ते त्याला कळतं कसं? बघा, मुद्द्याचं विचारलं की नाही? तर ती उठली आणि मामीची मसाल्याची बाटली घेऊन आली. आमच्या घरी उन्हाळ्यात बाटली मसाला करतात, मिरच्या, धणे, काय काय गरम मसाले, भाजायचं, कुटायचं आणि बाटलीत दाबून भरायचं. बाटली माझ्यापुढं धरून म्हणते, "मामा, ह्यातून मिरच्या परत काढून दाखव."

म्हटलं, ह्या काय काढायच्या? कुटल्या!

"बरं, मग कुठली मिरची किती घेतली ते नुसतं बघून सांग."

कसं सांगणार? मॅग्डलीन आपल्या सख्ख्या बहिणीला सांगत नाही!

"पण मामीनं तेच सगळं, तितकंच घेऊन परत तसंच कुटलं तर?"

तर तोच मसाला होईल, चव घेतल्या घेतल्या कळेल.

"बस. शहाण्या साइटवर हेच करतात. पासवर्ड ठेवतच नाहीत, कुटून ठेवतात. तू परत टाकलास की परत कुटतात, चव जुळली तर आत ये, नाही जुळली तर घरी जा. चोरानं बाटली पळवली तरी त्याला मसाला मिळतो, मिरच्या नाही."

मी म्हटलं, आणि दोघांचा पासवर्ड एकच असला तर? एक बाटली ओळखली की दुसरीही ओळखली! हे मी विचारलं हां, मी. शर्लिन टाळ्या वाजवायला लागली. "मामा, म्हणूनच कुटायच्या आधी प्रत्येकाच्या मसाल्यात ते एक एक चिमूट वेगळं काहीतरी टाकतात. पासवर्ड एकच असला तरी बाटल्या वेगळ्या होतात. त्या चिमटीला ते मीठ म्हणतात." तिकडून मॅग्डलीन ओरडली, "मसाल्यात मीठ? बाटली मसाल्यात कोण मीठ घालतं? पाणी सुटेल, बुरशी येईल! कुठल्या घरची माणसं आहेत ही?" तिला अजून पटलेलं नाही. म्हणून ती ऑनलाइन काही मागवत नाही.

आणि ते चुकल्यावर थांबायला लावतात ते? तेही म्हणे मुद्दाम. कुटणं आणि चावी बनवणं, सगळं मुद्दाम हळू ठेवलंय. "तुला एकदाच थांबावं लागतं मामा. चोराला करोडो पासवर्ड करून बघायचे असतात, तो प्रत्येक वेळी थांबेल तर म्हातारा होईल." म्हटलं, शर्लिन, चोराचं राहू दे, इथं तुझा मामा म्हातारा होतोय! आणि तुझ्या ह्या तिजोरीचं काय, तिथंही कुटतात? "तिथं आणखी पुढचं. कुटून जे निघतं तीच चावी. तिनंच तुझे कागद असे विस्कटून टाकलेत की ती चावी असल्याशिवाय तो नुसता कचरा. कंपनी तो कचरा सांभाळते." शाब्बास! माझ्या बापाची आयुष्यभराची कमाई, कचरा म्हणून कुणीतरी जपून ठेवलीय. ठेवलंय, पण ठाऊक नाही!

मग ती बाटली परत ठेवायला उठली आणि जाता जाता अगदी सहज म्हणाली, "राहू दे ना मामा. नको एवढा त्रास घेऊस. आपण स्पीकरवर लावू काहीतरी."

स्पीकरवर. आमच्या दारात. बँडमास्तरच्या भाचीला निरोप स्पीकरवर! ती हसत म्हणाली हो, पण स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही, आणि आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, कांदा कापत होते. त्या दिवशी कालवणात कांदा नव्हता. मला ते फार लागलं. सरळ सांगतो, पप्पा गेले तेव्हा मी रडलो नव्हतो, माणसं आलेली, वाजवायचं होतं. त्या दिवशी मात्र मागच्या दारी जाऊन बसलो आणि पोटभर रडून घेतलं.

आणि दुसऱ्या दिवशी परत परेशला फोन! कारण दुसरं कुणी नव्हतंच ना. मी जेवणाच्या टेबलाशी, समोर सुरमईचं कालवण, डाव्या हातात फोन, आणि परेश आपला तेच ते, "सर, मी तुमची भावना समजू शकतो सर." म्हटलं, भावना समजू नको, पासवर्ड समज! शर्लिन शेजारी लॅपटॉप उघडून बसलेली, ती मला आठवण करून देतेय, "मामा, तू टाकत होतास तेव्हा मी पाठ करून उभी होते ना, खूप लांब होता रे तो. टकटक संपेचना, माझे पाय दुखले. आणि तू..." आणि मी काय? "तू खाली पायानं ठेका धरला होतास."

ठेका? पासवर्डला कोण ठेका धरतो?

आणि तेवढ्यात मॅग्डलीन ओरडली, "बर्नार्ड! टेबल!"

आता हे तुम्हाला सांगायला पाहिजे. माझी एक सवय आहे. ट्रंपेटला तीन बटणं असतात, उजव्या हाताची तीन बोटं त्यांच्यावर. त्यामुळं माझी ती तीन बोटं कधी गप्प बसत नाहीत. टेबलावर, स्कूटरच्या हँडलवर, चर्चमध्ये बाकावर, एकदा तर फादर प्रवचन देत होते आणि मी पुढच्या माणसाच्या पाठीवर अख्खी वरात वाजवली. लग्न झाल्यापासून मॅग्डलीन ओरडतेय, "बर्नार्ड! टेबल!" की मी थांबतो, आणि ती वळली की परत सुरू. तर त्या दिवशीही ती ओरडली, मी थांबलो... आणि ती वळलीच नाही. माझ्या बोटांकडं बघत राहिली. म्हणते, "काल पण हेच वाजवत होतास. परवा पण. तो पासवर्ड विचारला की तू हेच वाजवतोस."

काय वाजवत होतो? मलाच माहीत नाही! बोटांना विचारा!

तिनं कालवणाची ताटली उचलली, शर्लिनचा लॅपटॉप ओढला आणि माझ्या हाताखाली सरकवला. शर्लिननं भराभर तिजोरीचं पान उघडून दिलं. मॅग्डलीन म्हणाली, "आता पासवर्डचा विचार करायचा नाही. त्या मुलाशी भांडत बस." लॅपटॉपवर उजव्या हाताच्या बाजूला एका बटणावर बारीकसा उंचवटा असतो, बघा घरी जाऊन. माझं पहिलं बोट फिरत फिरत गेलं आणि तिथंच बसलं. दुसरं शेजारच्या बटणावर, तिसरं त्याच्या शेजारी, आणि अंगठा खालच्या लांब पट्टीवर. कारण ट्रंपेटमध्ये एखादा सूर एकही बटण न दाबता निघतो, त्याला काहीतरी पाहिजे ना! अहो, पासवर्ड ठेवला त्या दिवशी मी कुठलं नाव, कुठलं वर्ष टाकलंच नव्हतं. मी वाजवलं होतं! पप्पांची चाल! पहिली अख्खी ओळ! मोबाईलच्या काचेवर एका बोटानं कोंबडीसारखं टिपत बसलो तर ती आठवणार कशी?

मी फोन बाजूला ठेवला, पाठ सरळ केली, पप्पा समोर उभे आहेत असं समजून एकदम शुद्ध वाजवलं, एकेक सूर स्वच्छ.

चूक.

शर्लिनचा चेहरा पडला. फोनमधून परेश, "हॅलो सर? सर आहात का?" चाल तीच, ओळ तीच, मग चुकतं कुठं? आणि मॅग्डलीन माझ्यामागून एकदम पप्पांच्या आवाजात, अगदी तोच घसा, म्हणते, "बर्नार्ड! पैलं बोट घाई करते तुजं!"

अहो, काटा आला अंगावर! काही सुरांना दोन बटणं एकदम दाबायची असतात. आणि माझं पहिलं बोट नेहमी जरासं आधी पडतं, लहानपणापासून. त्यासाठी पप्पांनी मला ओरडा दिला, बोटावर पट्टी मारली, शेवटच्या आजारात खाटेवर पडल्या पडल्यासुद्धा सांगितलं, पैलं बोट. आणि मी आत्ता काय करत होतो? सुधारून वाजवत होतो! दोन्ही बोटं अशी नेमकी बरोबर टाकत होतो की दुसरंच आधी पडत होतं! ट्रंपेट ते खपवून घेतं, पण कंप्युटरला कळतं ना, कुठलं आधी आणि कुठलं नंतर!

मग मी डोळे मिटले. पायानं ठेका धरला. आणि वाजवलं, जसं मला येतं तसं, घाईच्या बोटासकट, पप्पांना कधी आवडलं नाही तसं.

उघडलं!

अहो, उघडलं! सगळंच्या सगळं! पप्पांचं अक्षर, क्लॅरिनेट, युफोनियम, ड्रम कुठं उचलायचा तिथं लाल पेन्सिलीची खूण, आणि कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डागसुद्धा! शर्लिन किंचाळली, रीटा शेजारच्या घरातून धावत आली, कुत्रा भुंकायला लागला, मी मॅग्डलीनला उचलायला गेलो आणि कंबर धरली म्हणून तिनंच मला उचललं! ज्या पेटीत बापाचं गाणं, त्या पेटीची चावी बापाचंच गाणं, आणि तेही माझ्या चुकीसकट. आयुष्यभर ज्या बोटाला शिव्या खाल्ल्या, त्या बोटानं आज घराची लाज राखली. मी फोन उचलून ओरडलो, परेश! उघडली रे तिजोरी! तर तोसुद्धा ओरडला, "काय सांगता सर! काय होता पासवर्ड?" आणि लगेच घाबरून, "नको नको नको सर, सांगू नका, कॉल रेकॉर्ड होतोय!" मग मीच त्याला विचारलं, परेश बाळा, मी तुला अजून काही मदत करू शकतो का?

आणि शनिवारी... काय सांगू तुम्हाला! सकाळी दारात आमचा सगळा बँड, लाल कोट, पोरांच्या समोर कागद. शर्लिन उंबऱ्यावर आली, पांढऱ्या झग्यात, रीटा तिचा हात धरून. मी ट्रंपेट ओठाला लावला. पहिली ओळ गेली आणि अख्खी गल्ली रडायला लागली! खालून युफोनियम आलं, ते पप्पांनी जिथं लिहिलं होतं बरोबर तिथं आलं, जुन्या बायका म्हणायला लागल्या, म्हातारा परत आला गं. आणि मध्यावर लाल खुणेवर ड्रम उचलला, आणि रडणारी सगळी माणसं रडता रडता चालायला लागली. मिस्सेला आम्ही वेळेआधी पोचलो. फादर दारात उभे राहून घड्याळच बघत राहिले, त्यांच्या हयातीत असं झालं नव्हतं. नवरा ॲलिस्टर अजून यायचा होता!

आणि हे सगळं चालू असताना भिंतीशी कोण उभा? मोबाईल वर धरून? मार्सेल! मी बघितलं, पण त्या दिवशी मला राग आला नाही. म्हटलं घे, तू पण घे, आज सगळ्यांना मोकळं आहे. आणि मिस्सा झाली, फोटो झाले, नवरा-नवरी गाडीत बसले, गाडी सुरू झाली, रीटा हुंदके देतेय, आणि गाडीची काच खाली आली. शर्लिननं डोकं बाहेर काढलं. मला वाटलं, आता गळ्यात पडणार. तर सगळ्या वऱ्हाडासमोर ओरडते, "मामा! तू सगळ्यांसमोर मास्टर पासवर्ड वाजवलायस! मार्सेल अंकलनी रेकॉर्ड केलाय! आजच्या आज बदल!"

मग बदलला, आणि ह्या वेळी अंगठा लावायचाच नाही असं ठरवलं. तिची अट अशी की नवी चाल कुणी कधी चारचौघांत वाजवता कामा नये. अशी चाल आणायची कुठून? मला येते ती प्रत्येक चाल मी वाजवलीय, आणि मी वाजवलेली प्रत्येक चाल मार्सेलनं वाजवलीय. शेवटी सापडली, घरातच. मॅग्डलीन मासे तळताना काहीतरी गुणगुणते. कुठलं गाणं आहे ते तिला सांगता येत नाही. सुरात नाही, तालात नाही, पण कमाल अशी की लग्नापासून रोज त्याच जागी चुकते! जगातला कुठलाही चोर ती चाल लिहून काढू शकणार नाही. मी स्वतः एकटा ती आठवू शकत नाही, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाच्या डोक्यात ती राहतच नाही हो. पण ती गुणगुणली की माझी बोटं आपोआप मागं जातात. म्हणजे चाल तिच्या गळ्यात, बटणं माझ्या बोटांत. तिला बटणं ठाऊक नाहीत, मला चाल ठाऊक नाही. शर्लिन म्हणाली, "मामा, याच्यापेक्षा सुरक्षित तर आमच्या कंपनीतसुद्धा नाही." मी दोन दिवस कॉलर वर करून माणिकपूरच्या बाजारात फिरलो.

आणि परवा आमचं भांडण झालं. मोठं. मॅग्डलीन गप्प. मासे तळले, पण आवाज नाही. इकडं मला विजेचं बिल भरायचंय, त्याचा पासवर्ड तिजोरीत, आणि तिजोरी बंद. मी एक दिवस ताठ राहिलो. दुसऱ्या दिवशी कोलंबी घेऊन आलो, हळूच लॅपटॉप उघडून स्वयंपाकघरात बसलो आणि म्हटलं, अगं, चुकलं माझं. तेव्हा कुठं ती गुणगुणायला लागली.

आता खरी चूक कुणाची होती म्हणता? मला नका विचारू बाबांनो... आत ठेवलंय, पण ठाऊक नाही!